लाईट गेली-आली तर बटण कुठे उभं राहणार? एका ऑप-अँपच्या सर्किटबद्दल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आमच्या तालुक्याच्या शालेय विज्ञान प्रदर्शनाची बातमी आली, फोटोसकट आली, त्याबद्दल आधी आभार. त्यात एकाच बटणाने दिवा लावायचा आणि त्याच बटणाने विझवायचा असा एक प्रयोग होता, तुम्ही त्याला स्मार्ट स्विच म्हटलंय. मी ते प्रदर्शन बघायला गेलो होतो. पोरांनी मेहनत घेतली होती, वायरिंग नीट, तक्ता सुंदर अक्षरात, पण आत तयार मॉड्यूल होतं ऑनलाईन मागवलेलं, आणि मी त्यांना एवढंच विचारलं की बाळांनो, लाईट गेली आणि परत आली तर तुमचा दिवा चालू होणार की बंद राहणार? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांचा दोष नाही हो. मॉड्यूलच्या आत काय चालतं ते त्यांना कोणी सांगितलेलंच नाही, आणि मराठीत असं काही वाचायला सहज मिळतही नाही. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, पण सगळं छापाल अशी आशा आहे.

हा लाईट परत येण्याचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात आधी विचारायला पाहिजे. जून लागला की झाड तारेवर पडतं, फिडर ट्रिप होतो, लाईट दिवसातून कितीदा जाते-येते ते कोण मोजतंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कितीतरी गावं कित्येक दिवस अंधारात होती, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडची बंद घरं. माणसं मुंबईला, घराला कुलूप, गणपतीला नाहीतर शिमग्याला उघडणार, मेन स्विच खाली केलाय असं सगळ्यांना वाटत असतं आणि तो वरच असतो. अशा घरात लाईट परत आल्यावर आपोआप चालू स्थितीत उठणारं काहीही असेल, दिवा असो, पंखा असो, पाण्याची छोटी मोटर असो, तर ते मालक येईपर्यंत चालूच. भिंतीवरचा खटक्याचा साधा स्विच असतो त्याला स्वतःचा खटका आठवतो, चालू ठेवलात तर चालूच राहतो. एका बटणाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचला लाईट गेली की काहीच आठवत नाही, तो उठताना कुठल्या स्थितीत उठणार हे आपण बनवताना ठरवायचं असतं. ते ठरवलं नाही तर ते नशिबावर. माझं सगळं म्हणणं इथेच आहे, आणि हे ठरवायला कसलाही प्रोग्रॅम लागत नाही, दहा-पंधरा रुपयांची एलएम३५८ ही आठ पायांची आयसी, मूठभर रेझिस्टर आणि दोन-तीन कंडेन्सर एवढ्यात होतं. आठवी-नववीच्या पोराला समजेल असं आहे. मी सांगतो.

ऑप-अँप म्हणजे ऑपरेशनल अँप्लिफायर, एलएम३५८ च्या आत असतो तो. त्याला दोन इनपुट असतात, एक प्लस एक मायनस, आणि एक आउटपुट. मोकळा सोडला तर त्याचं काम एकच, प्लसवर मायनसपेक्षा जास्त व्होल्टेज असेल तर आउटपुट वर, कमी असेल तर आउटपुट खाली. नुसतं एवढंच असेल तर त्याला आठवण नाही. आठवण येते ती आउटपुटमधून एक रेझिस्टर परत प्लसवर आणला की. १२ व्होल्टचा सप्लाय धरा, ३५८ च्या ८ नंबर पिनला प्लस, ४ नंबरला ग्राउंड. ३ नंबर पिन म्हणजे प्लस इनपुट, तिच्यापासून १०० के चा (के म्हणजे हजार ओहम) एक रेझिस्टर १२ व्होल्टला, १०० के चा दुसरा ग्राउंडला, आणि १०० के चाच तिसरा १ नंबर पिनला म्हणजे आउटपुटला. आता हिशोब बघा. आउटपुट खाली, शून्यावर असेल तर ३ नंबरवर येतात ४ व्होल्ट. आउटपुट वर असेल तर, ३५८ चा आउटपुट वर जाताना सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खाली थांबतो म्हणजे साडेदहा धरा, तेव्हा ३ नंबरवर येतात साडेसात. २ नंबर पिन म्हणजे मायनस इनपुट, तिला १०० के चे दोन रेझिस्टर लावून बरोबर मध्ये ६ व्होल्टवर बसवायची. झालं. आउटपुट खाली असेल तर ४ विरुद्ध ६, मायनस जास्त, म्हणून खालीच राहणार. आउटपुट वर असेल तर साडेसात विरुद्ध ६, प्लस जास्त, म्हणून वरच राहणार. पावसाळ्यात फुगलेलं जुनं सागवानी दार जसं उघडं असलं तर उघडंच आणि लावलं तर लागलेलंच, कुठूनही कुठे जायचं तर नीट धक्का द्यावा लागतो, वाऱ्याच्या झुळकीने हलत नाही, तसं हे आहे. ४ आणि साडेसात यांच्या मधलं काहीही मायनसवर आलं तरी त्याला फरक पडत नाही.

याला श्मिट ट्रिगर म्हणतात. ऑटो श्मिट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये विद्यार्थी असताना हे शोधलं, तेव्हा आयसी नव्हती, ट्रान्झिस्टरही नव्हता, व्हॉल्व्हचा म्हणजे काचेच्या नळ्यांचा जमाना. तो काम करत होता म्हाकुलाच्या म्हणजे स्क्विडच्या नसांवर! आपण बंदरावरून आणतो तेच म्हाकूल, त्याची नस जाड असते त्यामुळे तिच्यातून संदेश कसा जातो हे बघता येतं, आणि नस एक तर पूर्ण पेटते नाहीतर अजिबात पेटत नाही हे बघूनच त्याला तसं सर्किट करावंसं वाटलं. हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या शाळेतल्या पोरांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना ऑप-अँप परका वाटणार नाही असं मला मनापासून वाटतं. कुठल्याही पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा हे त्यांच्या घरातलं आहे.

असो. आठवण झाली, आता धक्का द्यायचा. आणि खरी गंमत इथे आहे, कारण बटण एकच आणि ते दोन्हीकडे ढकलायला पाहिजे. म्हणजे बटणाला ठाऊक असायला हवं की आत्ता आपण चालू आहोत की बंद, आणि त्याच्या उलट ढकलायचं. हे काम एक कंडेन्सर करतो. आउटपुटपासून एक मोठा रेझिस्टर घ्या, त्याच्या दुसऱ्या टोकाला कंडेन्सर लावा, कंडेन्सरचा दुसरा पाय ग्राउंडला. तो कंडेन्सर हळूहळू आउटपुटएवढा भरतो किंवा आउटपुटएवढा रिकामा होतो. आता बेलला लावतो तसलं दाबून सोडायचं बटण या कंडेन्सरच्या वरच्या टोकापासून २ नंबर पिनला जोडा. बस्स.

आउटपुट वर म्हणजे दिवा चालू, खाली म्हणजे बंद, दिवा जोडायचा कसा ते पुढे सांगतो. समजा दिवा बंद आहे. आउटपुट शून्य, कंडेन्सर रिकामा. बटण दाबलं की २ नंबर पिन एकदम शून्यावर ओढली जाते, प्लसवर ४ आहेत, प्लस जास्त झाला, आउटपुट वर गेला, दिवा लागला. बटण सोडा, कंडेन्सर हळूहळू साडेदहापर्यंत भरत जातो. परत दाबा, आता तोच कंडेन्सर २ नंबरला साडेदहा व्होल्ट दाखवतो, प्लसवर साडेसात, मायनस जास्त, आउटपुट खाली, दिवा गेला. म्हणजे कंडेन्सर म्हणजे आत्ता काय आहे याची नोंद, आणि ती नोंद मायनस इनपुटला दाखवली की उलटंच होणार कारण ते मायनस आहे. हे पहिल्यांदा समजतं ना तेव्हा जो आनंद होतो तो मी पोरांच्या तोंडावर बघितलाय, मॉड्यूल चालल्यावर तसा नाही होत.

कोणी विचारेल बटण दाबूनच धरलं तर? दिवा लुकलुकत बसेल का? नाही बसत, आणि का नाही तेही आकड्यांत दिसतं. दाबून धरलं की कंडेन्सर त्या मधल्या दोन १०० के च्या तावडीत सापडतो, ते त्याला ६ च्या जवळ खेचून आणतात आणि ६ म्हणजे ४ ते साडेसातच्या आत, दार हलत नाही. तसंच बटणाच्या थरथरण्याचं. बटणाची पत्री चिकटताना एकदाच चिकटत नाही, काही मिलिसेकंद ती टकटक करते, आणि आपल्याकडे खाऱ्या हवेने पत्रीवर हिरवट थर आला की जास्तच. मोजणी करणाऱ्या सर्किटला ते चार वेळा दाबल्यासारखं वाटतं आणि दिवा कधी लागतो कधी नाही. इथे पत्री सुटली की २ नंबर परत ६ वर, चिकटली की परत कंडेन्सरच्या व्होल्टेजवर, आणि कंडेन्सर एवढ्या थोड्या वेळात बदलत नाही, त्यामुळे कितीही टकटक झाली तरी निकाल एकच. फक्त दोन दाबण्यांमध्ये एक सेकंदभर थांबायचं, घाईघाईने दोनदा दाबलं तर दुसरं दाबणं फुकट जातं. घरच्या दिव्याला ते चालतं.

आता मूळ प्रश्न, लाईट परत आल्यावर काय. वरच्या सर्किटचा कल तसा बंदकडेच असतो, कारण सुरुवातीला आउटपुट शून्य धरला तर प्लसवर सप्लायचा एक तृतीयांश आणि मायनसवर निम्मा, मायनस जास्त. पण सप्लाय चढताना ऑप-अँप शुद्धीवर यायच्या आधी काय करेल याचा भरवसा धरू नये. म्हणून ३ नंबर पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोचा (म्हणजे मायक्रोफॅरडचा) एक छोटा कंडेन्सर लावायचा. सप्लाय येतो तेव्हा हा रिकामा असतो, प्लस इनपुटला काही क्षण खाली धरून ठेवतो, तोपर्यंत मायनस आपल्या जागी पोचलेला असतो, आउटपुट खाली पक्का होतो. कोणाला उलटं पाहिजे असेल, म्हणजे लाईट आली की चालूच व्हायला हवं, उदाहरणार्थ जिन्यातला दिवा जिथे म्हातारं माणूस राहतं, तर तोच कंडेन्सर ग्राउंडऐवजी १२ व्होल्टला लावा, मग सुरुवातीला प्लस वर खेचला जातो. एका पायाची जागा बदलली की स्वभाव बदलला. असा एक पाय कुठे आहे हे मॉड्यूलवर बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून ती प्रदर्शनातली पोरं गप्प झाली.

पुढचं मी मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण ते आपल्या किनाऱ्याचं आहे. ही सर्किटं छापलेली असतात तिथे बऱ्याचदा आउटपुट ते कंडेन्सर हा रेझिस्टर १ मेगचा (म्हणजे दहा लाख ओहमचा) आणि कंडेन्सर १ मायक्रोचा दाखवलेला असतो. कोरड्या गावात झकास चालतं. आपल्याकडे बोर्ड खिडकीजवळ पडवीत लावला, जुलै-ऑगस्ट गेला, बोर्डावर मिठाचा आणि सोल्डरच्या राळेचा पातळ ओलसर थर बसला की तोच थर एक रेझिस्टर होऊन बसतो. समजा त्या थरातून कंडेन्सरला ग्राउंडकडे १ मेगची गळती लागली. आता १ मेगमधून भरायचं आणि १ मेगमधून गळायचं, तर कंडेन्सर साडेदहाऐवजी सव्वापाचलाच अडकतो. सव्वापाच म्हणजे साडेसातच्या खाली. दाबलं तर दिवा लागतो, पण बंद होत नाही! माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंमध्ये हे लक्षण पावसाळ्यात हमखास दिसतं, बटण बदलून बघतात, आयसी बदलून बघतात, आणि बोर्ड नुसता धुऊन उन्हात वाळवला की चालू होतो.

मग रेझिस्टर कमी करूया म्हणावं तर तिथेही मर्यादा आहे. १०० के लावला तर बटण दाबून धरल्यावर आउटपुट कंडेन्सरला जोरात ओढतो आणि २ नंबरवर बरोबर साडेसात येतात, म्हणजे अगदी काठावर, आणि दिवा फडफडायला लागतो. २२० के लावा. दाबून धरल्यावर चालू स्थितीत ६.८ च्या आसपास, बंद स्थितीत ४.९ च्या आसपास, दोन्ही सुरक्षित, आणि १ मेगची गळती लागली तरी कंडेन्सर साडेआठच्या वर जातो म्हणजे बंद होणार. वेळ तेवढाच राहायला हवा म्हणून कंडेन्सर १ ऐवजी ४.७ मायक्रोचा, २२० के गुणिले ४.७ मायक्रो म्हणजे साधारण एक सेकंद. इलेक्ट्रोलिटिक चालेल, त्याचा मायनस पाय ग्राउंडला, पण नवीन घ्या, जुन्या टीव्हीच्या बोर्डातून काढलेला नको, तो आतून गळतो. आणि सोल्डरिंग झालं की राळ पुसून काढा, बोर्ड पूर्ण वाळवा, मग वरून इन्सुलेटिंग वार्निश मारा, नाही मिळालं तर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात द्या, बटणाच्या पत्रीवर आणि रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा खटका, तो पुढे येतोच) आत मात्र जाऊ देऊ नका. हे सगळं पुस्तकात नसतं कारण पुस्तकं लिहिणारे समुद्रापासून लांब राहतात.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे ७४१ देतील, डिप्लोमाच्या पुस्तकात अजून तोच असतो, १९६८ साली फेअरचाइल्डने आणलेला, मोठा माणूस आहे तो, पण १२ व्होल्टच्या एकट्या सप्लायवर त्याचा आउटपुट शून्यापर्यंत उतरत नाही, दीड-दोन व्होल्टवर थांबतो आणि पुढे रिले ओढायला लावायचा ट्रान्झिस्टर पूर्ण बंदच होत नाही. तोच लावायचा असेल तर त्या ट्रान्झिस्टरच्या बेसच्या रेझिस्टरबरोबर ४.७ व्होल्टचा झेनर डायोड सिरीजमध्ये घाला. दुसरं म्हणजे ३५८ नाही म्हणून ३९३ देतील, पाय अगदी तसेच, पण तिचा आउटपुट फक्त खाली ओढतो, वर ढकलत नाही, वेगळा रेझिस्टर लावल्याशिवाय दिवा कधी लागणारच नाही. नंबर डोळ्याने वाचून घ्या. नाहीतर गणपतीला मुंबईहून कोणी येत असेल त्याला लॅमिंग्टन रोडवरून चार आणायला सांगा.

आणि सप्लाय १२ च ठेवा. मोबाईलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर ३५८ चा आउटपुट साडेतीनलाच थांबतो, मग वरचा उंबरठा, म्हणजे आउटपुट वर असताना ३ नंबरवर येणारे व्होल्ट, २.८ आणि मधला बिंदू २.५, मध्ये जेमतेम तीन दशांश व्होल्ट उरतात, १२ वर तिथे दीड व्होल्ट मिळतात. आठवीच्या पोराने दोन्ही गणितं करून बघावीत, पाच मिनिटांचं काम आहे.

पुढे रिले. नेहमीच्या चौकोनी १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ४०० ओहम म्हणजे ३० मिलिअँप, तेवढं ३५८ कडून भरवशाने निघत नाही, म्हणून मध्ये बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला ४.७ के, आणि कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड विसरायचा नाही, रिले सुटताना कॉइल जो झटका देते त्याने ट्रान्झिस्टर जातो. आयसीच्या ८ आणि ४ मध्ये अगदी जवळ ०.१ मायक्रोचा एक कंडेन्सर, नाहीतर शेजारी पंपाचा स्टार्टर पडला की त्या ठिणगीने आपला दिवा लागेल. शाळेत एवढ्यावर थांबा, रिलेऐवजी एक एलईडी लावा. २३० व्होल्टची जोडणी मुलांनी करायची नाही, ते वायरमनचं काम, आणि विहिरीच्या पंपाचा स्टार्टर बायपास करून तर कोणीच करायची नाही, त्यातला ओव्हरलोड आणि लाईट गेल्यावर सुटणारी कॉइल ही मोटर आणि माणूस दोघांना वाचवायला असते.

एवढं करून साध्या स्विचपेक्षा मिळालं काय असं माझ्याच घरात विचारतात. माझं उत्तर, ओले हात. पावसात भिजून आलेला माणूस पडवीतल्या ओलसर भिंतीवरच्या २३० च्या बोर्डाला हात लावतो, आपल्याकडे हे रोजचं आहे. इथे बटणाला फक्त १२ व्होल्ट, तेही चांगल्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरमधले मेनपासून वेगळे. पण एक सांभाळा, बटणाच्या त्या दोन वायरी लांब न्यायच्या नाहीत, त्या नाजूक जागेवरच्या वायरी आहेत, वीस फूट ओढल्या तर अँटेना होतात, वीज कडाडली की दिवा लागेल. न्हाणीघरात, मागच्या पडवीत, मांगरात बटण पाहिजे असेल तर डब्यात दुसरा छोटा रिले ठेवा, लांबच्या बटणाने त्या रिलेची कॉइल ओढायची आणि त्या रिलेचा संपर्क सर्किटातल्या बटणाच्या जागी. मग लांबच्या वायरीतून ३० मिलिअँप वाहतात, सटरफटर गोंधळ तिला हलवत नाही, पत्रीही स्वच्छ राहते, आणि पाहिजे तेवढी बटणं पॅरलल लावता येतात. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात मात्र सरळ अडॅप्टर काढून ठेवायचा, त्याला सर्किटात उपाय शोधू नका.

जाणकार वाचक लिहितील की हेच काम सीडी४०१३ ही आयसी करते, ५५५ ही टायमरची आयसी करते. करते, मान्य. ५५५ मध्ये तर आत तीन सारखे ५ के चे रेझिस्टर आहेत आणि त्यांनी सप्लायचा एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश असेच दोन उंबरठे पाडलेत, २ आणि ६ नंबर जोडून मध्यावर ठेवले आणि हाच कंडेन्सर आणि हेच बटण लावलं की चालतं, वर तिच्या आउटपुटवर रिले थेट ओढतो. घरात नुसतं काम हवं असेल तर खुशाल ५५५ वापरा. पण शिकायचं असेल तर आधी ऑप-अँप, कारण इथे प्रत्येक उंबरठा आपल्या हाताने लावलेल्या रेझिस्टरने ठरतो, तो बदलला की काय बिघडतं ते मल्टिमीटरवर दिसतं, काळी ग्राउंडला आणि लाल ३ नंबरवर लावली की ४ आणि बटण दाबल्यावर साडेसात, पोर स्वतः वाचतं. ज्याने हे वाचलं त्याला ५५५ च्या पोटात काय आहे ते सांगावं लागत नाही.

तर संपादक साहेब, माझी विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत पाककृती येते, राशिभविष्य येतं, शेतीचं पान येतं, त्यात महिन्यातून एकदा अर्धा रकाना अशा एका सर्किटला द्या, मराठीत, आकड्यांसकट. दिवाळीनंतर लगेच दिलंत तर तालुक्याच्या प्रदर्शनाआधी पोरांच्या हातात दोन-तीन आठवडे राहतील. खाड्यांच्या पलीकडच्या वाड्यांमधल्या कितीतरी शाळांत मोबाईलला रेंज नसते पण तुमचा पेपर एसटीने पोचतो, दुसऱ्या दिवशी का होईना पोचतो. आणि प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाणाऱ्या शिक्षकांनाही पुरवणीतून सांगा की तयार मॉड्यूलला नाही म्हणू नका, पण लाईट जाऊन परत आली तर काय, बटण दाबून धरलं तर काय, बोर्ड ओला झाला तर काय, हे तीन प्रश्न प्रत्येक पोराला विचारा आणि ज्याने स्वतः मोजून उत्तर दिलं त्याला वर ठेवा.

सोबत वेगळ्या कागदावर आकृती काढून जोडली आहे, पिनांचे नंबर आणि सगळ्या किमती लिहिल्यात. छापताना दोन रकान्यांपेक्षा लहान करू नका, आणि वायरी जिथे जोडलेल्या आहेत तिथे मी ठळक ठिपका दिलाय, जिथे नुसत्या एकमेकींवरून जातात तिथे दिलेला नाही, ते ठिपके छपाईत पुसले गेले तर सर्किट चालणार नाही, तेवढं छापखान्यात आवर्जून सांगा.

आपला नियमित वाचक,
एक दुरुस्ती करणारा, रत्नागिरी जिल्हा